सूर न सोडणाऱ्या खुंट्या

रविवार, १४ जानेवारी

काल तळ्यातल्या रुसिंगा बेटावरच्या लग्नात माझी गिटार पुन्हा उतरली. पत्र्याच्या मांडवात दुपारचं ऊन कोंडलेलं, माणसांची वाफ, आणि तारा अशा ढिल्या पडत चाललेल्या की जणू त्यांनाही जेवणानंतरची गुंगी आली होती. पहिली गाणी सरळ गेली. मग नवरीच्या काकाने रिवाजाप्रमाणे गाणं मधेच थांबवून स्वतःची बढाई मारली, की मी तो, ज्याचे बैल बघून पाऊससुद्धा वाट सोडतो. लोक हसले, टाळ्या झाल्या. आम्ही परत सुरू केलं तेव्हा वरच्या दोन तारा खाली लागत होत्या. त्या सावरेपर्यंत उरलेल्या घसरल्या. दोन ओळींच्या मधे मिळेल तेवढ्या उसंतीत मी खुंट्या पिळत राहिले. शेवटी नाद सोडला.

आमच्या गाण्यात शेवटाला गाणारा थांबतो आणि गिटार एकटी धावत सुटते, तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा खांदे उडवायला उठतात. तिथे पोचेपर्यंत सगळंच खाली आलेलं होतं. नवल म्हणजे आमच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या ओलालचे सूरही बरोबर माझ्याइतकेच खाली. माझ्यासारख्या त्याच्याही खुंट्या झिजल्या असणार. विचारलं तर म्हणाला, ऊन फार आहे गं.

मामा, आमचा गाणारा, मात्र रंगात होता. ओकेयोमामाचं नेहमीच असं. सुरुवातीच्या गाण्यांत तो जरा अवघडलेला असतो, घसा खाकरतो, एखादी वरची ओळ लोकांवर सोडून देतो. शेवटाकडे मोकळा होतो. म्हणतो, शेवटची गाणीच आपली खरी. मी इकडे शरमेने अर्धी झालेली असते आणि हा माणूस डोळे मिटून गात असतो.

हे सगळं आज किनाऱ्यावर बसून लिहितेय. जाळ्यांवर ओमेना वाळत घातलीय. बारीक चंदेरी मासळी, लांबून बघितलं तर तळ्याचाच एक तुकडा वाळूवर सुकायला टाकल्यासारखा. मोठे टकले करकोचे अंतर राखून उभे आहेत, पाद्र्यासारखे हात मागे बांधून. त्यांच्यावर एक डोळा ठेवायचा, वहीवर एक.

मंगळवार, १६ जानेवारी

अवीनोचा नैरोबीहून फोन आला. अवीनो ही मामाची धाकटी मुलगी, तिकडे गाणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामात आहे. ती महिनाअखेर यंत्रं घेऊन येणार आहे. बापाची गाणी एकदा नीट धरून ठेवायचीत म्हणाली. जुन्या कॅसेटी दमटपणाने केव्हाच गेल्या, आणि मामाची गाणी आता फक्त आमच्या म्बिता गावाच्या आसपासच्या लोकांच्या तोंडात आहेत. ती माणसंही चाललीत एकेक करून.

मग ती माझ्या गिटारवर आली. "ताई, लग्नात खपतं. मुद्रणात खपणार नाही. मशीन कोणाची भीड ठेवत नाही." ती नव्या तऱ्हेच्या खुंट्या आणणार आहे. त्यांत तार गुंडाळायची नसते. खुंटीच्या भोकातून सरळ ओढायची आणि मागचा चाप आवळायचा, आतली खीळ तारेला दाबून धरते. घसरायला वेढेच उरत नाहीत. ऐकताना मला हसू फुटलं. इतकी वर्षं मी तारा वेढत आलेय, आणि सगळी गंमत न वेढण्यात होती.

मामाला सांगायला गेले. तो उंबराखाली जाळं विणत बसला होता. मुद्रणाचं ऐकून खूश झाला. खुंट्यांचं ऐकून परत जाळ्याकडे वळला.

"जुन्या काय वाईट आहेत?" म्हणाला. "त्यांना आपली सवय आहे."

ही त्याची जुनीच टेप. मागेही मी दोनदा बदलायचं काढलं, दोनदा त्याने मोडता घातला. जगात एवढ्या नव्या गोष्टी आल्या, मोबाइल आला, तो त्याने पहिल्या दिवशी शिकून घेतला. एका खुंटीचं मात्र त्याला वावडं. मामीने चहाचा कप माझ्या हातात देताना माझ्याकडे असं पाहिलं की काही सांगायचंय. मी विचारलं, काय गं? म्हणाली, साखर पुरे ना?

साखर पुरेशी होती.

रविवार, २१ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सहा तारा ताणलेल्या आणि मी होडीतून त्यांच्याखालून चाललेय. जलपर्णीची बेटं वाहत येतात, तारांना घासतात, आणि प्रत्येक घासण्यातून मामाचा आवाज निघतो, तरुणपणचा. मी वर हात करून तार धरायला बघते तर हातात पाणी.

जाग आली तेव्हा बाहेर तळ्यावर बारीक चिलटांचे ढग उठले होते, काळ्या धुराच्या खांबांसारखे, आवाज न करता चालणारे. मला ते लहानपणापासून आवडतात. आई म्हणायची, तळं स्वयंपाक करतंय.

मामाच्या त्या तरुणपणच्या आवाजानेच मला गिटारपाशी आणलं. मामा तेव्हा विशीत असेल. संध्याकाळी काठावर उभा राहून तो होड्यांना हाक घालायचा आणि समोरच्या बेटावरची कुत्री भुंकायची. मी त्याच्यामागे मागे फिरायचे. त्याने माझ्या हातात गिटार दिली तेव्हा आजोबा म्हणाले होते, पोरीच्या गळ्यात गिटार म्हणजे शेळीच्या डोळ्यांवर चष्मा. मामा म्हणाला, मग शेळीला वाचता येतं का ते बघू.

शनिवार, २७ जानेवारी

अवीनो आली. बसमधून उतरली ती धुळीने लाल, गळ्यात हेडफोन, आणि हातात पहिली वस्तू काय तर खुंट्यांची डबी. माझ्या गिटारला लागतात तशा, एका ओळीत सहा बसतील अशाच आणल्यात. तीन इकडे तीन तिकडेवाल्या आणल्या असत्या तर मी त्यांचे कानातले केले असते. हातात घेतल्या. जड, गार, पाठीवर गोल चाप. चाप फिरवला की भोकात एक छोटीशी खीळ पुढे येते, मांजराने नख काढावं तशी.

आज जुन्या काढल्या. तारा उतरवल्यावर गिटार किती मुकी दिसते! मागचे स्क्रू सैल केले, समोरच्या बाजूने खुंट्यांभोवतीच्या जुन्या पितळी बांगड्या हळूहळू ढकलून बाहेर काढल्या. एक निघेना. गरम चमच्याने जरा शेकली तेव्हा सुटली. खुंट्यांच्या दात्यांत हिरवट मळ बसलेला, एक दाता तर झिजून नाहीसाच. बघून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष खरंच यांचाच होता, माझ्या हाताचा नाही.

नव्या खुंट्या जाड आहेत, भोकं मोठी करायला लागणार. अवीनोने विचारलं, "एकदा मोठी केली की जुन्या परत बसायच्या नाहीत हं. नक्की?"

"नक्की," म्हटलं. मामाला विचारलं नाही.

सोमवार, २९ जानेवारी

काल चर्चनंतर आणि आज दुपारपर्यंत तेच केलं. होडीवाल्यांकडून गोल कानस आणली. लाकडाचा टवका उडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि भोकं हळूहळू घासत गेले. मधूनमधून खुंटी घालून बघायची, परत घासायचं. लाल रंगाखालून पिवळं लाकूड निघालं, त्याला अजून वास होता. इतक्या वर्षांनी त्या लाकडाने श्वास घेतला. अवीनो शेजारी चटईवर आडवी होऊन झोपली, मध्येच उठून तळलेली गोड मंदाझी खाई आणि परत झोपे. नैरोबीत झोप मिळत नाही वाटतं.

स्क्रूची जुनी भोकं काडेपेटीच्या काड्या आणि गोंद घालून बुजवली, नवी पाडली. वर, जिथून तारा मानेवर उतरतात, त्या खाचांमध्ये पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तार अडकायला नको. मग पहिली तार खालून आणली, भोकातून ओढली, चाप आवळला, उरलेलं टोक कापून टाकलं. खुंटी एक वेढाही पुरती फिरली नाही आणि तार सुरात आली. मी तशीच बसून राहिले. वाटलं, काहीतरी राहिलंय. काही राहिलं नव्हतं.

सगळ्या लावल्यावर वाजवत बसले. तारा ओढल्या, वाकवल्या, मामाच्या गाण्यांचे शेवट वाजवले, दमेपर्यंत. सूर हलला नाही. ऊन उतरत गेलं, पाणी आधी पितळी मग करडं झालं, रस्त्यावरून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गेल्या, आणि गिटार जिथल्या तिथे. मला माझंच बोट परकं वाटायला लागलं. मी इतका काळ सूर शोधत वाजवत होते, आज पहिल्यांदा सूर माझी वाट बघत बसलेला.

आता झोपायच्या आधी पुन्हा एकदा तीच छेडली. जशीच्या तशी!

गुरुवार, १ फेब्रुवारी

तालीम. वाईट झाली.

मासळीच्या जुन्या बर्फघरात बसलो होतो. मी, ओलाल, ड्रमवर फिलेमोन, आणि मामा. दुसरा गिटारवाला मोंबासाच्या हॉटेलात गेल्यापासून एवढेच आहोत. मी सगळ्यांना खुंट्या दाखवल्या. फिलेमोनने चाप फिरवून बघितला. ओलालने नुसतं बघितलं आणि स्वतःच्या बासकडे वळला.

पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात मामा थांबला. म्हणाला, गिटार चढलीय. मी सूर बघायचं यंत्र लावलं, काटा बरोबर मधोमध. परत सुरू केलं. परत थांबला. "चढलीय गं. चढत चाललीय." तिसऱ्यांदा तर तो ओलालकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "मामा, काटा बघ."

"काट्याला गाता येतं का?" तो म्हणाला आणि टोपी घेऊन उठून गेला. टोपी घालायची विसरला, हातातच होती.

शनिवार, ३ फेब्रुवारी

दोन दिवस खुंट्यांमागे आहे. चाप जास्त आवळला गेला असेल का? घासताना एखादं भोक तिरपं गेलं असेल? तारा तापल्या की ढिल्या पडतात हे माहीत आहे, चढतात असं कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या तारा काढून परत लावल्या. खाचा पुन्हा घासल्या. गिटार उन्हात ठेवून बघितली, सावलीत ठेवून बघितली, ओल्या फडक्यात गुंडाळून बघितली. काटा मधोमध. त्या काट्याचा मला राग यायला लागलाय.

मग वाटलं, खुंट्यांचं काही नाही, मामालाच त्या नकोत. त्याला न विचारता भोकं मोठी केली हे त्याच्या मनात असणार. म्हातारी माणसं रुसतात ती सरळ रुसत नाहीत, आडून रुसतात.

ओलाल संध्याकाळी फेरीबोटीच्या कामावरून परत जाताना थांबला. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो दोरखंडाचं टोक उसवत उभा होता.

"तू जरा उतरवून का बघत नाहीस?" म्हणाला. "थोडीशीच."

"काटा मधोमध असताना? मग एवढा खटाटोप कशाला केला?"

"तेच म्हणतो मी," ओलाल म्हणाला, आणि गेला. कधी नव्हे तो चिडल्यासारखा वाटला. ह्या बँडमध्ये माझ्या खुंट्यांनी कोणाचं काय घोडं मारलंय?

रविवार, ४ फेब्रुवारी

मामाकडे जेवायला गेले, म्हटलं रुसवा काढावा. मामीने तिलापिया तळली होती, मक्याच्या पिठाची उगाली, भाजी. मामा माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं. मुद्रणाचं अवीनो सांगत होती, तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "मी गायचं आणि फिलेमोनने गायचं, असं अर्धं अर्धं केलं तर?" अवीनो हसली. मीही हसले. फिलेमोनचा आवाज म्हणजे फुटकी होडी.

जेवण झाल्यावर मामा किनाऱ्यावर होडीवाल्यांना बोलवायला गेला. शिट्टी वाजवली. गळ्यात दोरीने बांधलेली पत्र्याची शिट्टी. मी मामीला विचारलं, हाक घालायची सोडून हे काय नवीन? ती आलं ठेचत होती, ठेचतच राहिली. म्हणाली, "धूळ फार आहे यंदा."

तिच्या आल्याचा वास घरभर होता. मधाची बाटली खिडकीत उन्हात ठेवली होती. तिच्यातून ऊन जमिनीवर पडलं होतं, पिवळं, हलतं. मला तिथे बसून झोप यायला लागली. मामीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उगाचच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अवीनोने आज बर्फघरात आधी एक चाचणी घेतली. मामाला सांगितलं, नुसतं गा, हे ठेवायचं नाहीये. त्याने दोन गाणी गायली. ह्या वेळी एकदाही थांबला नाही. चढलीय म्हणाला नाही. संपल्यावर पाणी प्यायला आणि सरळ घरी गेला.

मी हेडफोन मागून घेतले आणि बाहेर वाळूवर जाऊन बसले. मला माझी गिटार ऐकायची होती.

गिटार सुंदर होती. स्वच्छ, सरळ, काठावरून दिसणाऱ्या क्षितिजासारखी. आणि तिच्याखाली, जरासा खाली, मामा. एक ओळ वर जायला निघायचा आणि तिथे पोचायच्या आधी दमायचा. दुसरी ओळ. तिसरी. मला वाटलं, यंत्र खराब आहे. परत ऐकलं. तो सुराखाली चालत होता, जसं कोणी भिंतीला हात लावत लावत चालावं. भिंत मी होते.

किती वेळा ऐकलं कोण जाणे. समोर जलपर्णीचं एक बेट हळूहळू फेरीच्या वाटेतून सरकत होतं, त्यावर एक पांढरा बगळा उभा, आपण प्रवास करतोय हे त्याला ठाऊकच नसल्यासारखा.

मग मला लग्नाचं आठवलं. ती शेवटची गाणी, जेव्हा सगळं खाली आलेलं असायचं आणि मामा मोकळा व्हायचा.

बुधवार, ७ फेब्रुवारी

ओलालला फेरीच्या धक्क्यावर गाठलं. विचारलं, तुला माहीत होतं?

तो रेलिंगला टेकला. माहीत होतं म्हणाला. दोन वर्षांमागच्या मोठ्या आजारातून मामा उठला तेव्हापासून त्याचा आवाज वर पोचत नाही. माझी गिटार उतरायची आणि त्याला बरं वाटायचं. मग तो स्वतःचा बास हळूच माझ्याइतका खाली आणायचा, खुंट्या धड असून. लोकांना वाटायचं, उन्हाने सगळीच वाद्यं उतरली. "मला वाटायचं तूही जाणूनच करतेस," ओलाल म्हणाला. "दोन वर्षं मी मनात म्हणत होतो, काय बाई आहे, मामासाठी स्वतःचं नाव खराब करून घेते."

ह्यापेक्षा मोठी स्तुती मला कोणी केली नसेल आणि त्यातलं एकही अक्षर माझ्या मालकीचं नव्हतं.

जुन्या खुंट्या परत बसणार नाहीत. बसल्या तरी मुद्रणात तो गबाळेपणा चालणार नाही. मग आम्ही ठरवलं: सगळ्या तारा सारख्याच खाली घ्यायच्या. मीही आणि ओलालही, अर्ध्या सुराने. बोटं तिथलीच, पट्टी खालची. आणि मामाला कळू द्यायचं नाही. निघताना ओलाल म्हणाला, "ह्या खुंट्या जिथे ठेवशील तिथे राहतात ना?"

राहतात.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

उद्या मुद्रण. गिटार खाली घेतली. आवाज दाट झालाय, सावलीतून आल्यासारखा. मला आवडलाही आणि वाजवताना अपराधी वाटलं. सगळ्या जगाने मिळून एका माणसाला फसवायचं, ते त्याच्या प्रेमापोटी असलं तरी फसवणंच. अवीनोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वायरी गुंडाळत राहिली. तिला मंगळवारीच कळलं होतं. मग म्हणाली, "बाबांचा अपमान व्हायला नको एवढंच बघ."

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात कोणीतरी तळ्याच्या तळाचं बूच काढलं होतं आणि पाणी गोल फिरत खाली चाललं होतं. होड्या, बेटं, बगळे, सगळे सावकाश उतरत होते, कोणालाही घाई नाही. मीही उतरत होते. भीती वाटली नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

काल झालं. आता बसून नीट लिहायचंय, कारण नंतर मी हे सजवून सांगायला लागेन.

बर्फघराच्या भिंतींना अवीनोने गाद्या आणि पोती लावली होती. सकाळची वेळ, उघड्या दारातून तळ्याचा उजेड छतावर हलत होता. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. मामीही आली, मागे खुर्चीत बसली. अवीनोने हात वर केला. फिलेमोनने ताल धरला, ओलाल आला, मी आले. अर्ध्या सुराने खाली, सगळे.

मामाने तोंड उघडलं. पहिली ओळ गायला. आणि थांबला.

कोणी हललं नाही. ड्रमचा शेवटचा ठोका गाद्यांत जिरून गेला. मामा माझ्याजवळ आला. गिटारच्या मानेच्या टोकाला त्याने बोट लावलं, एकेका खुंटीवरून फिरवलं, घरच्या गाईच्या कपाळावरून फिरवावं तसं. मी खाली बघत होते. वाटलं, आता टोपी उचलेल.

"किती उतरवलीस?" त्याने विचारलं.

"अर्धा सूर."

"आणि ओलाल?"

"मीही तेवढाच," ओलाल म्हणाला.

मामाने मान हलवली. मी कसंबसं विचारलं, मामा, आवाजाचं तुला कधीपासून माहीत आहे?

"तुझी गिटार उतरायला लागली त्याच्या आधीपासून," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, जेवलास का विचारावं तसं. "म्हणून तर नव्या खुंट्या नको म्हणत होतो. एकटा माणूस खाली उतरला की लोक बघतात. सोबत असली की वाटतं, वाटच उताराची आहे." मग म्हणाला, "पण ते तुझ्यावर अन्याय करणारं होतं. लोक तुला नावं ठेवायचे आणि मी ठेवू देत होतो."

मामी रडत होती असं मला वाटलं. बघितलं तर ती हसत होती, पदर तोंडाला लावून, आपल्याच माणसाच्या एखाद्या जुन्या खोडीला हसतात तसं.

"अजून उतर," मामा मला म्हणाला. "अर्ध्याने माझं भागत नाही. लाजू नकोस. मी सांगेपर्यंत उतर."

मी खुंट्या फिरवल्या. एकेक तार थोडी खाली, मग सगळ्या वाजवून दाखवल्या. तो डोळे मिटून ऐकत होता. अजून. परत फिरवल्या. ओलाल माझ्यामागोमाग येत होता. कोणी घाई करत नव्हतं. तारा सैलावत गेल्या, आवाज मोठा आणि मऊ होत गेला. दारातून येणारा वारा, छतावरचा उजेड, सगळं त्या आवाजाच्या चालीने हलतंय असं वाटायला लागलं. एका जागी मामाने हात वर केला. "इथे."

मग तो गायला. चाळीस वर्षांमागची गाणी, जी बेटावरच्या कुत्र्यांना भुंकवायची, ती तो आता बसून, शेजारच्याला सांगावं तशी गायला. तोच माणूस, तेच शब्द. पण आता त्यातलं मच्छीमाराचं गाणं तळ्यावर जाणाऱ्याचं राहिलं नव्हतं, परत आलेल्याचं झालं होतं. एकही ओळ दमली नाही. शेवटी तो थांबला आणि माझी पाळी आली, ती धावायची. मी धावले नाही. त्या सैल तारांवर धावता येतच नाही. मी चालले, आणि मामा टाळी देत माझ्याबरोबर चालला.

संपल्यावर अवीनो बटण दाबायचं विसरली. त्या मुद्रणाच्या शेवटी बराच वेळ नुसतं तळं आहे, आणि मग फिलेमोन विचारतो, आता चहा मिळेल का.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

अवीनो सकाळच्या बसने गेली. उरलेली गाणी तिने काल मुद्रित केली, सगळी त्याच पट्टीत.

आज ओमेना कमी आली, म्हणून लवकर मोकळी झाले आणि गिटार घेऊन मामाकडे गेले. अडचण एकच आहे. इतक्या खाली तारा फार सैल पडतात, पडद्यांवर खडखडतात. खुंट्या धरून ठेवतात, त्यांचा दोष नाही. तारांमध्येच वजन नाही. जाड तारा मागवायला हव्यात. अवीनो पाठवेल म्हणाली, पण किती जाड ते सांगा म्हणाली, कारण पुढच्या वेळी ती एप्रिलशिवाय येणार नाही.

मामा उंबराखाली जाळं विणत होता. मी त्याला विचारलं, किती जाड मागवू?

त्याने जाळ्याची गाठ दाताने ओढून घट्ट केली, बघितली, आणि म्हणाला, "जाडच मागव. मी अजून म्हातारा व्हायचाय."